हेलसे बेटावर राहून गेलेल्या अठ्ठावीस टक्के वायकिंगबाबत

मी, ऑस्ला इंकस्टर, वय ५४ वर्षे, धंदा – मेंढ्या, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून चार दिवस वायकिंग, राहणार हुलाव्हो, अन्स्ट बेट, शेटलंड, समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

सर्वप्रथम माझी तक्रार नोंदवून घ्यावी. आमचा रस्ता एकपदरी असून समोरच्याला वाट देता यावी म्हणून तो जागोजागी रुंद केलेला आहे. माझ्या फाटकासमोरच्या अशा एका जागेत मंगळवारी सकाळपासून एक पांढरी मोटार, आत बिछाना असलेली, मागच्या दारावर ढालीचे चित्र काढलेली, उभी होती. त्यामुळे माझ्या मेंढ्या फाटकात अडकल्या, टपालवाल्याला चर्चपर्यंत गाडी उलटी न्यावी लागली आणि एकूणच मानवी संस्कृतीची अपरिमित हानी झाली. हवालदारसाहेब म्हणतात की मला याकरिता बोलावलेले नाही. तरी लिहावे असे मी म्हटल्यावरून लिहिले आहे.

सदर मोटारीचे मालक श्री. रूपर्ट थॉर्नबी हेच या प्रकरणातले तक्रारदार आहेत. लॉरी हॅल्क्रो या नाववाल्याने आपल्याला निर्जन बेटावर टाकून दिले, सबब त्याचा परवाना रद्द करावा, अशी त्यांची मागणी आहे. तसे झाले तर सोमवारपासून लॉरीची नाव धक्क्याला बांधलेली राहील. त्याला दुसरे काही येत नाही.

श्री. थॉर्नबी दक्षिणेत राहतात. त्यांनी आपली थुंकी वंश तपासायला टपालाने पाठवली असता ते अठ्ठावीस टक्के वायकिंग निघाले. हे त्यांनी मला मंगळवारी सकाळी लांबघरात सांगितले. वायकिंगांच्या जुन्या घराबरहुकूम बांधलेल्या या घरात मी लोकरी झगा घालून जात्यावर बसते आणि पाहुण्यांना माहिती देते. श्री. थॉर्नबी यांच्या डोक्यावर शिंगांचे शिरस्त्राण होते.

"शिंगं नव्हती त्यांना," मी म्हटले.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी इथलीच आहे."

"मीसुद्धा. अठ्ठावीस टक्के."

"मग उरलेल्या बहात्तर टक्क्यांना म्हणावं, माझ्या फाटकासमोरून गाडी काढा."

गाडी निघाली नाही.

दुपारी ते लॉरीच्या नावेने फेरीला आले. गोष्टी सांगायला मीही झग्यासह नावेवर होते. सील पाहिले, रंगीत चोचीचे पफिन पक्षी पाहिले, एक पाणमांजर पाहिले. ते खेकडा खात होते आणि त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग हेलसे बेटावर उतरलो. तिथे वायकिंग घराचा पाया आहे, म्हणजे गुडघ्याएवढ्या भिंती आणि बॉन्क्सी. बॉन्क्सी हा कोंबडीपेक्षा मोठा, तपकिरी आणि जन्मजात चोर असलेला पक्षी आहे.

परतताना लॉरीने माणसे मोजली का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. लॉरी समुद्रावर काहीही मोजत नाही. मासे नाही, पक्षी नाही, माणसे तर नाहीतच. आमच्याकडे जुने दर्यावर्दी कोणीच मोजत नसत, मोजले की एक कमी होतो म्हणून. परवाने देणाऱ्या कार्यालयाने मोजणीचा नियम काढला तेव्हा बाकीच्यांनी ती रीत सोडली. लॉरीने सोडली नाही. त्याची बायको जितकी तिकिटे तितक्या बॅनक, म्हणजे तव्यावरच्या जाड भाकऱ्या, करून डब्यात देते. बेटावरून नावेत चढताना प्रत्येकाने एक उचलायची. डब्यात एक उरली तर माणूस बेटावर उरला. डबा रिकामा झाला की निघायचे. इतक्या वर्षांत त्याने कुणाला मागे ठेवलेले नाही.

मंगळवारी लॉरी पाठमोरा, दोरीने नाव खडकाशी धरून होता. मी एका आजींना शेवाळावरून आणत होते. तेवढ्यात बॉन्क्सीने डब्यातली एक बॅनक नेली. नावेवर हशा पिकला.

"काय झालं?" लॉरीने विचारले.

"पक्षी! पक्षी!" एक डच बाई ओरडल्या.

"मग? तेच बघायला आलात ना?" लॉरी म्हणाला. डबा रिकामा होता. निघालो. डच बाईंनी काढलेले छायाचित्र जोडले आहे. पक्ष्याचा जबाब घेता आलेला नाही.

श्री. थॉर्नबी त्या वेळी भिंतींच्या आड, पूर्वजांच्या चुलीच्या जागी, शांत झोपले होते.

संध्याकाळी मी त्या मोटारीला शिव्या द्यायला गेले. आत कुणी नव्हते, पाण्याचे भांडे सकाळचे तसेच होते. मी लॉरीला फोन केला.

"लॉरी, तुझा एक वायकिंग घरी आलेला नाही."

त्याने फोन ठेवला. मी धक्क्यावर पोचले तेव्हा इंजिन चालू होते. आमच्याकडे धक्का सोडताना नाव सूर्याच्या चालीने वळवतात, मग भले खडकाला घासो. लॉरीने त्या दिवशी, वेळ वाचावा म्हणून, ती उलटी वळवली. मी पाहिले. मी पाहिले हे त्यानेही पाहिले.

श्री. थॉर्नबी भिंतीवर बसलेले, सुखरूप सापडले. पिल्ले असली की बॉन्क्सी माणसाचा जो भाग सर्वांत उंच असेल त्यावर झडप घालतो. तो भाग शिंग होता. एक मोडले.

"चला, निम्मं तरी खरं झालं," मी म्हटले. त्यांना ते आवडले नाही. लॉरीने स्वतःचा स्वेटर काढून त्यांना घातला. बटणे नसलेला स्वेटर घालायला लॉरीला लागला तेवढा वेळ लागत नाही.

लॉरी अडाणी आहे का, असे हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगते. मी नऊ वर्षांची आणि लॉरी सहाचा असताना तो शाळेत नुकताच आकडे शिकला होता. एका सकाळी धक्क्यावर उभे राहून त्याने निघालेल्या नावेतली माणसे बोट दाखवून मोठ्याने मोजली. पाच. माणसे हसली, कुणीतरी शाबास म्हणाले. परत चार आली. पाचवे माझे वडील. लॉरीला त्यावरून कुणीही काही बोलले नाही. कुणीही काहीही बोलले नाही, एवढेच लिहावे.

त्याची स्वतःची नाव झाल्यापासून दर शनिवारी आमच्या दाराच्या कडीला साफ केलेला मासा टांगलेला असतो. आधी आई शिजवायची, आता मी शिजवते. याबद्दलही कुणी काही बोललेले नाही. मासा चांगला असतो.

परवान्याच्या अटी मी वाचल्या आहेत. 'जबाबदार इसमाने मोजणी करून सही करावी' असे त्यात आहे. तो इसम नाववालाच पाहिजे असे कुठे नाही. सबब काल सकाळच्या फेरीला मी धक्क्यावर, मिठाच्या कोठारामागे, लॉरीला ऐकू जाणार नाही अशा बेताने उभी राहिले. गेले नऊ, आले नऊ. सही माझी आहे. यापुढेही माझीच राहील.

लॉरीने दोरी बांधता बांधता हाक मारली, "ऑस्ला, तिकडे मागे काय करतेयस गं?"

"मेंढ्या मोजतेय."

"तिकडे कुठे आहेत मेंढ्या?"

"म्हणून तर वेळ लागतोय."

तो बराच वेळ तीच गाठ बांधत राहिला. मग म्हणाला, "सावकाश मोज."

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. दुपारची फेरी सुटायची वेळ झाल्याने सही करून निघत आहे.

(सही)
ऑस्ला इंकस्टर