पोळ्याच्या सोनेरी माळा

हसाल तुम्ही, पण आमच्या पारोळ्याकडे एका पोळ्याला बैलांपेक्षा माझ्या सासूबाईच जास्त गाजल्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं.

आमच्या उडदावर अमरवेल चढली होती. पिवळ्या दोऱ्यांसारखी दिसते आणि पिकाचा रस पिते. पोळ्याच्या आदल्या दिवशी अक्कांनी वेलीसकट तेवढे उडीद उपटले आणि जागेवरच पेटवायला घेतले.

शेजारचे आबा बांधावरून ओरडले, "उभं पीक जाळस का? येडी व्हयनी का तू?"

"एक तुकडा पडना तरी ती परत चढस, आबा."

आबांना हसूच आवरेना. त्यांनी ढिगातली कवळाभर वेल उचलली आणि आपल्या बैलांसाठी माळा केल्या. दुसऱ्या दिवशी गाव बघतच राहिलं, माळा अगदी सोन्यासारख्या! मिरवून झाल्यावर बैल आबांच्याच उडदातून घरी गेले, वाटभर तुकडे सांडत.

मग काय, महिन्याभरात आबांचं शेत पिवळं! आमच्या शेतात मात्र एक काळा डाग आणि भोवती शेंगांनी लगडलेले उडीद.

पुढच्या पेरणीला आबा खाली मान घालून आले. "अक्का, बियाणं दे ना."

अक्कांनी सूपभर उडीद दिले. म्हणाल्या, "खुशाल लई जाय. पण यंदा बैलस्ले झेंडूच बांधजो!"