अठ्ठ्याण्णव अंश

महादेवीबाई : हात मागे घे, संगमेश. आधी हे खोके वाच, मग कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा आकडा वाच. मोठ्याने.

संगमेश : रॅमच्या खोक्यावर बत्तीसशे, बाई.

महादेवीबाई : आणि पडद्यावर?

संगमेश : एकवीसशे तेहतीस.

महादेवीबाई : म्हणजे तुझ्या दुकानातून माझ्या घरी येईपर्यंत हजारभर कुठेतरी सांडले. उदगीर काही एवढे मोठे शहर नाही.

संगमेश : सांडले न्हाईत, बाई. रॅम नवी बसवली की आधी धीम्या चालीनंच चालते. सेटिंगमध्ये जाऊन तिला सांगावं लागतं, आता पूर्ण चालीनं चाल म्हणून. तेच करायलोय.

महादेवीबाई : पाचवीच्या चाचणीतही तू असेच म्हणाला होतास. ‘बाई, शेजारचे बघत नव्हतो, तपासत होतो.’

संगमेश : तो मी न्हाई. रविकिरण होता तो.

महादेवीबाई : माझी स्मरणशक्ती शाबूत आहे.

अंबिका : आज्जी, करू द्या ना त्यांना. साडेतीन झाले. बंगल्याचं चित्र ह्याच्यावर तयार होऊन सहापर्यंत लातूरच्या इंजिनियरला पोचायला हवं.

महादेवीबाई : ठाऊक आहे. पोचले तर तू या खोलीत बसून त्या इंजिनियरचे काम करणार. नाही पोचले तर सोमवारपासून लातुरात खोली घेऊन राहणार. म्हणूनच मी इथे उभी आहे. संगमेश, ती खुर्ची फरफटत ओढू नकोस. तिच्यावरचे प्लास्टिक फाटेल.

संगमेश : किती वर्षं झाली बाई ह्या खुर्च्यांना?

महादेवीबाई : एकोणीस. अजून नव्या आहेत. काम कर.

संगमेश : झालं. वाचा आता तुम्हीच.

महादेवीबाई : बत्तीसशे. हं. तुझ्या खिशातून परत आले म्हणायचे.

संगमेश : आता ह्याला दहा मिनिटं सगळा जोर लावून पळवतो. त्यात टिकला की मग काळजी न्हाई. वहिनी, हा तापमानाचा आकडा, ह्याच्यावर नजर ठेवा. साठ... ऐंशी... नव्वद... अरे, अरे!

अंबिका : अठ्ठ्याण्णव.

संगमेश : अर्धं मिनिट बी न्हाई झालं! बघा, तापला म्हणून आपोआप चाल कमी केली त्यानं. अशानं तुमचं चित्र उद्यापर्यंत बी व्हायचं न्हाई.

महादेवीबाई : मला हीच शंका होती. नव्या खोक्यात जुना प्रोसेसर घालून दिलास.

संगमेश : बाई, बसलिंगप्पांचा नातू हाय मी. माझ्या आज्यानं चाळीस वर्षं ह्याच गल्लीत घड्याळं दुरुस्त केली.

महादेवीबाई : बसलिंगप्पांवर माझा विश्वास होता. ते माझे घड्याळ माझ्यासमोर उघडत आणि माझ्यासमोर मिटत. तुझी खोकी तुझ्या दुकानात बंद झाली.

संगमेश : सील होतं त्याला. वहिनींनी घरी फोडलं. जोडणी बी सगळी वहिनींनीच केली, मी नुसते सुटे भाग दिले. इचारा त्यांना.

महादेवीबाई : अंबिका, सील होते?

अंबिका : होतं. संगमेशभाऊंचा काही दोष नाही, आज्जी.

महादेवीबाई : मग तू खाली का बघतेस?

संगमेश : थांबा बाई. प्रोसेसरवरचा पंखा काढून बघतो. चारच स्क्रू हायत. काढू का, वहिनी?

अंबिका : काढा.

महादेवीबाई : फार लवकर ‘काढा’ म्हणालीस. तुम्ही दोघे मिळून माझ्यापासून काहीतरी लपवत आहात.

संगमेश : मी तर न्हाई, बाई. पण... हे काय हाय?

महादेवीबाई : उजेडात आण.

संगमेश : पंख्याच्या बुडाचं प्लास्टिक. तसंच ठेवून वर बसवलाय. मग उष्णता जाणार कुठून? लाल अक्षरांत लिहिलंय की, बसवण्याआधी काढा. असू दे वहिनी, लई जण विसरतेत.

महादेवीबाई : अंबिका विसरत नाही. कंधारहून माझी नातसून होऊन आली त्याला चार वर्षे झाली. एकदाही या घरात दूध उतू गेलेले नाही. अंबिका, तुला हे दिसले नव्हते?

अंबिका : दिसलं होतं.

महादेवीबाई : वाचलेस?

अंबिका : वाचलंही.

महादेवीबाई : मग?

अंबिका : राहू द्या ना. चूक माझी. संगमेशभाऊ, ते काढून उष्णता ओढणारी पेस्ट लावा तुम्ही.

महादेवीबाई : मी प्रश्न विचारला आहे.

अंबिका : गुरुवारी मी जोडत होते, तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात. म्हणालात, सोमवारी स्वामी येऊन विभूती लावीपर्यंत नव्या वस्तूचं प्लास्टिक कुठलंही काढायचं नाही.

महादेवीबाई : ते मी कॉम्प्युटरच्या बाहेरच्या काचेबद्दल म्हटले.

अंबिका : हा पंखा हातात धरूनच मी विचारलं, ‘एवढं एक काढू का?’ तुम्ही म्हणालात, ‘फ्रीजचे काढले नाही, रिमोटचे काढले नाही, तुझ्या पंख्याचेच काय कौतुक?’

(महादेवीबाई प्लास्टिकचा तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघतात.)

अंबिका : मला वाटलं, सोमवारपर्यंत हळूच वापरीन. तर काल लातूरहून फोन आला, चित्र शनिवारीच हवं.

महादेवीबाई : आणि आत्ता मी याला चोर ठरवत होते, तेव्हा?

अंबिका : बाहेरच्या माणसासमोर तुमचं नाव कसं घेऊ?

महादेवीबाई : माझे नाव राखायला याचे नाव घालवायचे? हे बरे केले नाहीस.

अंबिका : चुकलं.

महादेवीबाई : चुकले ते गुरुवारी, दारात. संगमेश, बघतोस काय? लाव तुझी पेस्ट.

संगमेश : आणि सोमवारी स्वामी आले म्हणजे?

महादेवीबाई : त्यांना मी सांगेन. ते माझ्यापेक्षा समंजस आहेत.

संगमेश : हं. बसला घट्ट. लावतो पुन्हा जोर. पन्नास... अठ्ठावन्न... चौसष्ट. थांबला बघा चौसष्टवर!

महादेवीबाई : लगेच हसू नकोस. दहा मिनिटे म्हणाला होतास ना? पूर्ण दहा होऊ देत.

संगमेश : तुमच्या घड्याळात बघा मग.

महादेवीबाई : माझ्याच घड्याळात बघते आहे.

अंबिका : आज्जी, झाली दहा. चौसष्टच आहे. चित्र तयार व्हायला लावलं मी. चाळीस मिनिटं दाखवतंय.

महादेवीबाई : म्हणजे पाचच्या आत होईल. संगमेश.

संगमेश : जी, बाई.

महादेवीबाई : पाचवीतला तो मुलगा रविकिरण असू शकेल.

संगमेश : रविकिरणच होता, बाई.

महादेवीबाई : मी ‘असू शकेल’ म्हटले. चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस. बस त्या खुर्चीवर.

संगमेश : नको बाई, उभाच बरा हाय. घामानं चिकटतंय ते प्लास्टिक.

महादेवीबाई : यांनाही चिकटायचे. हौसेने आणल्या होत्या या खुर्च्या. जाईपर्यंत सात उन्हाळे पंचा अंथरून बसले.

अंबिका : आजोबा कधी काही म्हणाले नाहीत?

महादेवीबाई : एकदा विचारले होते, ‘काढू का?’

अंबिका : मग?

महादेवीबाई : कात्री आण.