मनूचं तोंड उघडलं

ताई, आमची मनू चार लोकांत बोलू दे, पाच सवाष्णी जेवू घालीन, असा नवस मी रूपाभवानीला बोलले होते. तेवढ्यात पुण्यात एकाच दिवशी दोन मेळे आले. एक नुसता व्हिडिओ गेमचा, दुसरा मोठा, कार्टून, कॉमिक्स, त्यातल्या पात्रांची सोंगं, सगळ्याचा.

मी म्हटलं, “मोठ्या मेळ्याला जाऊ की, माणसं भेटतील.”

मनू म्हणाली, “म्हणूनच नको. गेमच्या मेळ्यात बोलावं लागत न्हाय.”

तिचं मन मोडवेना. सोलापूरहून तिला घेऊन गेमच्याच मेळ्याला गेले. अनोळखी पोरांच्या टोळीत ती खेळायला बसली आणि थोड्याच वेळात किंचाळली, “मागं सर की मुडद्या, मरशील!”

मी तिथंच हात जोडले.

तुमचा लेकही गप्पच असतो, तुम्हीही बोला की नवस. फक्त कोणते शब्द हवेत, तेवढं देवीला आधीच सांगा.