तात्यांचं लॉगिन

आमच्या डेअरीचे जुने सर्व्हर बदलायचे ठरले, तेव्हाची गोष्ट सांगतो. आधी सगळ्यांची लॉगिन नव्या सर्व्हरवर न्यायची, मग एकेका खात्याचं ईमेल, असा टप्प्याटप्प्याचा बेत मीच आखला होता. यादी तपासताना डिस्पॅचचे तात्या सापडले. रिटायर होऊन चार वर्षं झालेली, तरी रोज सकाळी सहाला त्यांचं लॉगिन चालू. बाहेरचं कुणीतरी आत घुसलंय म्हणून माझी पाचावर धारण बसली.

डिस्पॅचच्या शिंदेबाईंना विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्हीच की. आमचे पासवर्ड दर महिन्याला बदलाय लागत्यात. तात्यांच्याला तसलं काय न्हाय. सगळं डिस्पॅच त्यांच्यावरच चालतंय."

"पण बाई, हे आता बंद करावं लागणार."

"करा की. पण आधी तात्यांना विचारा. मोठा माणूस हाय."

मग मी कसबा बावड्याला तात्यांच्या घरी फोन लावला. सगळं सांगितलं, आणि नव्या सर्व्हरवर तुमचं नाव राहणार नाही, असंही भीत भीत म्हटलं. म्हातारा दुखावणार, असं वाटून मलाच कसंतरी झालं.

"म्हंजे चार वर्षं मी रोज सकाळी सहाला हजर हाय?" तात्यांनी विचारलं.

"व्हय तात्या, रेकॉर्डला तसंच हाय."

"मला उशिराचे मेमो देणारे साहेब अजून तिथंच हायत न्हवं? मग बंद करायच्या आधी ह्या हजेरीचा एक कागद काढ, आणि त्यांच्या टेबलावर ठेव."