रेशमा चारीत उतरली

अरे, मी सेनगावची जीप चालवणारा माणूस, घोड्यातलं मला काय कळतं? पण परवा जे पाह्यलं, ते डोक्यातून जाऊन न्हाई राहिलं.

आमच्या तांड्यावरच्या सोमलानानांना पंच्याहत्तर वर्षं पुरी झाली. सारा जन्म घोड्यांत गेलेला माणूस. नातवंडांनी केक आणला, तर नाना म्हणले, "केक राहू द्या, मला एकदा रेशमावर बसायचंय." रेशमा म्हणजे त्यांची म्हातारी घोडी. पण नानांचे गुडघे गेलेले, पाय रिकिबीपर्यंत उचलेना. आमी चौघं उचलायला धावलो, तर भडकलेच.

"मला पोतं समजून राहिले का रे? न्हाई बसत, जा!"

लगाम सोडला आन् शेजारी पाटाच्या पाण्याची खोल चारी होती, कोरडी पडलेली, तिच्या काठावर तोंड फिरवून उभे राहिले. तर रेशमा हळूच त्यांच्यामागं गेली, स्वतःहून चारीत उतरली आन् काठाला अंग लावून थांबली. तिची पाठ नानांच्या मांडीला आली. नानांनी पाय टाकला आन् बसले.

मी इचारलं, "नाना, हे कवा शिकवलं हिला?"

"मी कुठं शिकवलं? रोज माझे गुडघे पाहून राहिली ती."

मला घरचे बाबा आठवले. जीपमध्ये चढताना त्यांना तकलीफ होते, आन् मी रोज वरडतो, "चढा की लवकर!"

दुसऱ्या दिवशी मी जीप ओट्याला भिडवून लावली. बाबा एका पावलात आत.

बसल्यावर म्हणले, "काहून रे, आज जीप ठेंगणी झाली व्हय?"