काडेपेटीतलं शेवाळ

बालाघाटच्या बसस्थानकात राजेगावची गाडी अजून लागली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर एक आजी आणि तिची कॉलेजात शिकणारी नात उघड्या काडेपेटीत वाकून बघत होत्या.

"ज्योत्स्ना, शेवाळालेबी नाव राह्यते काय वं?"

"राह्यते ना, आजी. हे भिंग घे. दांडीवर बोंड दिसते?"

"हौ. मान खाली टाकून हाय."

"दांडीले पीळ पडला, पाह्य. आता त्याच्यावर हळूच तोंडाची वाफ सोड."

"अवं माय! हे तं फिरून राह्यलं! जित्तं हाय काय?"

"ओल लागली का पीळ सुटते. त्याच्यावरूनच ओळखलं मी. फ्युनारिया."

"कुठून आणलं?"

"आपल्या वावराच्या धुऱ्यावरून, मोहाच्या झाडाखालून. बोटनीवाली मॅडम म्हणते, हे जास्त करून जळलेल्या जागेवर येते. तिथं कोणी काही जाळलं होतं काय?"

"तू तवा परीक्षेले नागपूरले होतीस. आमी बोलावलं नाही तुले."

"आजी?"

"तुह्या आजोबाले तिथंच अग्नी देला."

ज्योत्स्ना काडेपेटी बंद करायला लागली.

"काडेपेटी बंद नको करू, बाई. अजून एक डाव वाफ सोडू दे मले."