ढोलाच्या फाटलेल्या जाळीबाबत

दिनांक १४ ऑगस्ट १९६२, मंगळवार, सकाळी ९ वाजता.

मी खुशालराव नत्थुजी गावंडे, वय ४७ वर्षे, धंदा मिलच्या पंपघरावर फिटर, राहणार जुने शहर, अकोला. समक्ष हजर राहून जबाब देतो की, मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी ठाण्यात आलो आहे.

मिलच्या चाळीला नदीचे पाणी जाते ते पंपघरातल्या ढोलातून गाळून जाते. ढोल दोन हात लांब, अंगाला बारीक पितळी जाळी. पाणी आतून बाहेर गळते, घाण आत राहते. ढोल सारखा फिरत असतो आणि वरच्या फवाऱ्याने जाळी धुतली जाते. जाळीला काथ्याच्या कुंच्याशिवाय काही लावायचे नाही, हे ढोल बसवणाऱ्याने आम्हा दोघांना बजावले होते. दोघे म्हणजे मी आणि माझ्या हाताखालचा मोतीराम देवमन तायडे.

मोतीराम अकरा वर्षे माझ्याबरोबर आहे. पूर्वी मी त्याला मोत्या म्हणत असे. सन छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर तो म्हणाला, "काकाजी, आता मोतीराम म्हना." मी त्याला नावाने हाक मारणेच सोडले. 'अरे', 'इकडे ये' यावर सहा वर्षे काढली. हे तुम्ही विचारलेले नाही, पण लिहा.

रविवारी सकाळी आठच्या सुमारास नदीला पूर असल्याने जाळी गाळाने पार बुजली. मी बॉयलर खरवडायचा तारेचा ब्रश घेतला. मोतीराम एकदा म्हणाला, "काकाजी, तारेचा ब्रश नोका लावू, जाळी फाटन." मी म्हणालो, "आता तू मले शिकवून राहिला काय?" जाळी वीतभर फाटली. मी घरून गोणपाटाचा तुकडा आणून सुतळीने बांधला व कोणाला सांगितले नाही. तुकडा अजून तिथेच आहे, पंचांना दाखवतो.

सोमवारी सकाळी चाळीच्या नळांतून अळ्या आणि जळवा निघाल्या. चाळीतल्या केशरबाईच्या दोन पोरी ओकून ओकून दवाखान्यात पडल्या. आता बऱ्या आहेत असे ऐकतो. मुकादम उत्तमराव पन्नास-साठ माणसे घेऊन पंपघरावर आले व विचारले, "ढोलावर कोन होतं?" मी म्हणालो, "मोतीराम." सहा वर्षांत त्याचे नाव मी पहिल्यांदा घेतले ते तेव्हा. कोणी तरी म्हणाले, "ह्यानंच पान्यात काई टाकलं असन." सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खाली पाहत उभा राहिलो. लोकांनी मोतीरामला मारले. तो एवढेच म्हणाला, "काकाजी, सांगा ना." मी सांगितले नाही. चार माणसांत मान खाली जाईल म्हणून सांगितले नाही. मग त्याला पाणी नासवल्याच्या आरोपावरून इथे आणले.

काल संध्याकाळी पत्नी कौशल्या हिने विचारले, "काल गोणपाट कापून नेलं ते कायले?" मी सगळे सांगितले. ती म्हणाली, "मंग अजून घरात काहून बसले तुमी?" तरी मी सकाळपर्यंत बसूनच राहिलो. मला लाज वाटते. मोतीरामने पाण्यात काही टाकलेले नाही. त्याला सोडावे.

जबाब वाचून दाखवताना मी जमादारसाहेबांना मोठ्याने वाचा म्हणालो, कारण मोतीराम पलीकडच्या कोठडीत आहे. ब्रशाची ओळ आली तेव्हा तो आतून बोलला, "एक डाव नाई काकाजी. दोन डाव सांगतलं होतं म्या."

मोतीरामचे म्हणणे खरे आहे. वर 'एकदा' लिहिले आहे तिथे 'दोनदा' वाचावे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही, खुशालराव नत्थुजी गावंडे